जुन्या एमजीला मऊ चाल परत मिळते

जुनी स्पोर्ट्‌स कार म्हणजे कंबर मोडणारच, हे इथे इंग्लंडमध्ये मला जो तो ऐकवत असे. ते खरं नाही. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली एमजीबी ही रोज वापरायची गाडी होती. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांच्या कमानी आणि चारही चाकांना तेल भरलेले लिव्हरचे शॉक ॲब्सॉर्बर. रचना साधी, पण नीट राखली तर खराब रस्त्यावरही माणसाला त्रास देत नाही. फार आदळणारी एमजीबी बहुतेक वेळा आधी कुणीतरी कडक करून ठेवलेली असते.

माझी १९७२ची रोडस्टर तशीच होती. आईबाबा साताऱ्याहून आले तेव्हा बाबांना डर्बीशरच्या डोंगराळ भागात फिरवून आणलं, तर उतरताना त्यांना हात द्यावा लागला. पाठ धरली होती. गाडी एका गॅरेजला दाखवली. कमानी बसल्यात, असं सांगून त्यांनी नव्या टाकल्या. पैसे गेले आणि गाडी आधीपेक्षा जास्त आदळू लागली. पुढे एका जुन्या जाणत्या मेकॅनिकनं खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, की या कमानी जीटीच्या आहेत. जीटी म्हणजे पत्र्याच्या छपराची एमजीबी. तिच्या मागच्या बाजूला वजन जास्त, म्हणून कमानी कडक. हलक्या रोडस्टरखाली त्या दबतच नाहीत. सुटे भाग मागवताना नुसतं 'एमजीबी' म्हणू नका. मॉडेल आणि साल सांगा, आणि आलेला भाग बसवण्याआधी ताडून बघा.

पण कमानींची पाळी शेवटी येते. आधी टायर बघा, कारण निम्मं दुखणं तिथेच असतं. माझ्या गाडीला आधीच्या मालकानं पंधरा इंची चाकं आणि बुटके टायर लावले होते. टायरची बाजूची भिंत उंच असेल तरच खड्डा तिथे जिरतो. मी मूळ मापाची चौदा इंची चाकं आणि १६५ रुंदीचे टायर परत लावले. हवा पुढे २१ आणि मागे २४ पौंड. आजच्या गाड्यांच्या सवयीनं गॅरेजवाले सर्रास तिशीच्या वर भरतात, त्यामुळे समोर उभं राहून भरून घ्या. टायरचं वयही वाचा. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या कमी धावतात, म्हणून नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असतं.

सीटकडे कुणी बघत नाही. तिच्या तळाशी ताणून बसवलेलं रबर फाटलं, की माणूस जवळजवळ सांगाड्यावरच बसतो. ते बदलणं स्वस्त आहे आणि घरी जमतं.

मग बुश. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ म्हणून विकले जातात आणि शर्यतीला ते ठीक आहेत, पण रस्त्याची बारीक थरथर ते थेट आत आणतात. पुढच्या विशबोनला व्ही-८ मॉडेलचे रबरी बुश बसतात. माझ्या मते हाच सर्वांत शहाणा बदल. मात्र एक गोष्ट कटाक्षानं पाळा. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. तसाच बोल्ट आवळला तर रबर त्याच जागी पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. ते प्रत्येक हालचालीला अडवतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हलका लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी दाबून हलवा, मगच पक्का आवळा. मागच्या कमानींच्या पुढच्या बुशलाही हेच लागू आहे.

लिव्हरच्या शॉक ॲब्सॉर्बरना लोक उगाच नावं ठेवतात. गाडीचा कोपरा जोरानं दाबून सोडा. ती वर येऊन लगेच स्थिरावली तर ते ठीक आहेत. डोलत राहिली किंवा खाली तेल ओघळलेलं दिसलं, तर चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्या. माझ्या गाडीला मागे लावलेले टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बर सर्वांत कडक खुणेवर होते. ते काढून मी मूळचेच परत बसवले, आणि शेवटी रोडस्टरच्या कमानी टाकल्या. प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावरून गाडी चालवून बघा. सगळं एकदम बदललं, तर गुण कशानं आला ते कधीच कळत नाही.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. कृपा करून ती सूट घेऊ नका. वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर चढवून कमानींची टोकं, बुश आणि स्टिअरिंगचे सांधे जाणत्या माणसाला दाखवाच.