वेळासची कासवे

समुद्री कासव पाण्यात राहते. पण त्याला माशासारखे कल्ले नसतात. ते आपल्यासारखे फुप्फुसांनी श्वास घेते. त्यासाठी त्याला मधूनमधून पाण्याबाहेर डोके काढावे लागते. मुलांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडेल.

कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचे कासव. त्याची लांबी सुमारे 2 फूट असते. थंडीच्या दिवसांत, रात्रीच्या वेळी, मादी वाळूवर चढते. मागच्या पायांनी ती हातभर खोल खड्डा करते. त्यात शंभर-सव्वाशे पांढरी, गोल अंडी घालते. वर वाळू लोटून ती अंगाने दाबते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे ती फिरकत नाही. अंडी उबवण्याचे काम वाळूच करते. गंमत अशी, की वाळू जास्त उबदार असेल तर माद्या अधिक निघतात, कमी असेल तर नर!

सुमारे 50 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. अंधारात समुद्राची बाजू थोडी उजळ दिसते. त्या उजेडाकडे ती धावतात. किनाऱ्यावर दिवे झगमगत असले, तर मात्र ती फसतात आणि उलट दिशेला जातात. खेकडे, पक्षी, मोठे मासे त्यांना टिपतात. हजारांतून एखादेच मोठे होते, असे म्हणतात. निसर्गाने एवढे नुकसान हिशेबात धरले आहे. म्हणून तर अंडी इतकी. माणूस मात्र या हिशेबात नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. पूर्वी तेथे मादीच्या पायांचा माग काढून अंडी खणून नेत. कोणी ती खाई, कोणी विकी. गरिबाच्या घरी चार पैसे येत. त्यात काही वाईट आहे, असे कोणाला वाटत नसे. कायद्याने बंदी होती. पण रात्री किनाऱ्यावर पहारा कोण देणार?

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केले. माग काढण्याची विद्या आता राखणीच्या कामी आली. सापडलेली अंडी हलक्या हाताने उचलायची आणि कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. पिल्ले निघाली, की त्यांना समुद्राजवळ सोडायचे. ती पाहायला लोक येऊ लागले. 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात. अंडी विकून मिळत नसे, एवढा पैसा अंडी राखून मिळू लागला.

पण कुंपण किनाऱ्यावर आहे आणि कासव समुद्रात! ट्रॉलरचे जाळे तासन्‌तास पाण्याखाली ओढले जाते. त्यात सापडलेले कासव श्वासासाठी वर येऊ शकत नाही. ते बुडून मरते. जाळ्यात गजांची चौकट बसवली, तर कासव तिला अडते आणि वाटेतल्या झडपेतून बाहेर पडते. मात्र त्या वाटेने थोडी मासळीही निसटते. म्हणून मच्छीमार कुरकुरतात, आणि त्यांचेही अगदीच खोटे नाही. कासव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये आणली.

समुद्रात फेकून दिलेल्या फाटक्या जाळ्याला मात्र मालक नसतो. त्यात कासवाचा पाय अडकला, तर ते कापायला तेथे कोणीच नसते.

स्वाध्याय
1. पिल्ले समुद्राकडे कशी जातात? ती केव्हा फसतात?
2. जाळ्यात सापडलेले कासव पाण्यात असूनही का बुडते?
3. 'माणूस मात्र या हिशेबात नव्हता,' असे लेखक का म्हणतो?