शर्यतीच्या होडीची निगा व वाहतूक

आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीच्या होडीची लांबी सुमारे साडेसतरा मीटर असते. रुंदी मात्र माणूस जेमतेम बसेल इतकीच. जागतिक नियमांप्रमाणे तिचे वजन ९६ किलोग्रॅमहून कमी असू नये, आणि उत्तम होड्या या मर्यादेला अगदी भिडून बांधलेल्या असतात. आठ धट्टीकट्टी माणसे आणि सुकाणू सांभाळणारा नववा असा सात-आठशे किलोग्रॅमचा भार जी वाहते, ती स्वतः एका थोराड माणसाइतक्याच वजनाची असते! पाण्यावर तिला या भाराचे काही वाटत नाही, कारण पाणी तिला खालून सर्वत्र उचलून धरते. जमिनीवर मात्र ती दोन-चार ठिकाणीच टेकते. म्हणूनच पाण्यावर वर्षानुवर्षे टिकलेली होडी कोठाराच्या दारात किंवा मालमोटारीवर एखाद्या दुपारी निकामी होते, आणि महाविद्यालयाच्या संघाचा सारा हंगाम तिच्याबरोबर जातो.

याचे कारण समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. जाड पुठ्ठ्याची लांब पट्टी दोन पेन्सिलींवर ठेवावी. पेन्सिली टोकांशी असल्या की पट्टी मध्ये झोळ धरते. त्या मध्याशी आणल्या की टोके लोंबतात. सर्वत्र सारख्या वजनाच्या पट्टीला प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे एक-पंचमांश अंतरावर आधार दिला, तर तिला वाकवणारे परिबल टोकांशी आधार असतानाच्या मानाने जवळजवळ एक-षष्ठांश होते. होडीची टोके निमुळती व हलकी असल्याने तिचे आधार आणखी थोडे आत, पाव लांबीच्या आसपास असावेत. घोड्यांवर किंवा मांडणीवर होडी ठेवताना एवढा हिशेब प्रत्येकाच्या मनात असला पाहिजे.

उचलताना आठांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला १२ किलोग्रॅम येतात. तेव्हा अडचण वजनाची नसून लांबीची आहे. वळताना एक टोक हातभर सरकले तरी दुसरे भिंतीवर आपटू शकते. यास्तव आज्ञा एकानेच, सुकाणू सांभाळणाऱ्याने, द्यावी आणि इतरांनी मौन पाळावे. पाण्यातून काढताना होडी सरळ वर उचलावी. ओढल्यास तळाचा लहानसा पंखा मोडतो.

पूर्वी या होड्या देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या असत. आता बहुतेक होड्यांचे कवच कार्बन-तंतूंच्या दोन पातळ थरांचे असते आणि त्यांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा असतो. हे कवच कडक खरे, पण टोचण्यास फार नाजूक. बाहेरचा थर फाटून गाभ्यात पाणी शिरले की थर सुटू लागतात. बारीकशी चीरही त्याच दिवशी वाळवून झाकावी. रोजची धुलाई गोड्या पाण्याने व मऊ फडक्याने होते. सरकत्या आसनाचे रूळ मात्र विसरू नयेत, कारण वाळूचा एक कण चाके खराब करतो. केरळातील अलप्पुळासारख्या मचूळ पाण्याच्या ठिकाणी हे काम दुप्पट काळजीने करावे. तेथे अॅल्युमिनियमचे बाहू व पोलादी बोल्ट यांच्या सांध्यात क्षारयुक्त पाण्यामुळे विद्युत्-रासायनिक क्रिया चालू होते व अॅल्युमिनियम झिजू लागते. हे सारे क्लबाच्या नोकरावर सोपवण्याची आपल्याकडील रीत प्रस्तुत लेखकास पसंत नाही. जो होडी धुतो, त्यालाच तिची चीर दिसते.

होडीच्या दोन्ही टोकांशी हवाबंद कप्पे असतात. होडीत पाणी भरले तरी ती तरंगत राहावी, हा त्यांचा हेतू. त्यांची झाकणे पाण्यावर घट्ट लावलेली आणि जमिनीवर उघडी असावीत. उघडी ठेवल्याने आतला ओलावा निघून जातो. पण त्याहून मोठे कारण उन्हाचे आहे. सकाळी २७ अंश सेल्सिअसला बंद केलेली हवा दुपारच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. कप्प्याच्या भिंतीवर आतून दर चौरस मीटरला एक टनाहून अधिक वजनाइतका जोर पडतो! सांधे उकलण्यास एवढा पुरेसा आहे.

आपल्या देशात पुण्याची मुळा, भोपाळचा मोठा तलाव, हैदराबादचा हुसेन सागर, चंडीगडचा सुखना अशी नौकानयनाची स्थळे एकमेकांपासून दूर आहेत. पुण्याहून भोपाळला सडकेने सुमारे आठशे किलोमीटर जावे लागते. अशा प्रवासासाठी आठांची होडी बहुधा तुकड्यांत सुटी करता येईल अशी बांधतात. बाहू काढून, त्यांवर क्रमांक घालून वेगळे बांधावेत व होडी पालथी ठेवावी. बांधण्यास सुतळी किंवा दोर नको, रुंद सपाट पट्टे हवेत. पट्ट्याच्या बकलाखाली जाड कापड असावे. पट्टा होडी हलणार नाही इतकाच ताणावा, कवच दबेल इतका नव्हे. आधारापलीकडे लोंबणारा भाग दुप्पट झाला, तर आधारापाशी वाकवणारे परिबल चौपट होते आणि खड्ड्यांचे हादरे त्यात भर घालतात. म्हणून टोकांनाही हलका बांध द्यावा आणि मागच्या टोकाला दिवसा लाल कापड, रात्री लाल दिवा लावावा. पहिल्या अर्ध्या तासानंतर गाडी थांबवून पट्टे तपासावेत. तोवर ते हमखास सैल झालेले असतात.

मुक्कामी पोहोचल्यावर जोडणी करताना घाई होते आणि दोन लहान वस्तू राहून जातात. एक म्हणजे पुढच्या टोकावरचा, किमान ४ सेंटिमीटर व्यासाचा पांढरा मऊ चेंडू. तो नसेल तर धडकेच्या वेळी हे टोक समोरच्या माणसाच्या पाठीत भाल्यासारखे घुसते. दुसरी म्हणजे पायाच्या बुटांची टाच बांधणारी दोरी. टाच ७ सेंटिमीटरहून अधिक वर उचलता कामा नये, म्हणजे होडी उलटताच पाय बुटातून आपोआप सुटतो. दोरी तुटलेली असेल, तर ती बदलेपर्यंत होडी पाण्यात उतरवू नये.