उघड्या मालमोटारीचे सारथ्य : जोखीम, कौशल्य आणि आपले कर्तव्य

जालन्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या लोखंडी सळ्या, कळंबोलीच्या पोलाद बाजारात उतरणारी पत्र्याची वेटोळी, सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे उभारलेल्या पवनचक्क्यांची अजस्र पाती, या सर्वांचा प्रवास सपाट तळाच्या उघड्या मालमोटारींवरून होतो. बंदिस्त हौदा नसल्यामुळे असा माल क्रेनने वरून अथवा बाजूने सहज चढविता येतो. परंतु माल जागच्या जागी धरून ठेवणारी भिंतही तेथे नसते. तिचे काम साखळदंड, पट्टे, लाकडी पाचरी आणि चालकाची सावधगिरी यांनाच करावे लागते. औद्योगिक विकासाचा आढावा घेताना आपण कारखाने, रस्ते व बंदरे यांची गणना करतो. त्यांना जोडणाऱ्या या श्रमिकाच्या कामाचे स्वरूप समजावून घेणेही तितकेच अगत्याचे आहे.

बांधणीचे शास्त्र

ब्रेक लावताच गाडी थांबते, पण तिच्यावरील माल पुढे जाऊ पाहतो. जडत्वाचा हा नियम चालकाच्या दृष्टीने जीवनमरणाचा ठरतो, कारण सुटलेला माल प्रथम त्याच्याच केबिनवर आदळतो. युरोपातील मानकानुसार मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढील दिशेने, तर ०.५ पट जोर बाजूंना व मागे येईल, असे गृहीत धरून बांधणी केली जाते. याचा अर्थ, २० टनांच्या वेटोळ्यासाठी पुढील बाजूस १६ टन वजनाइतका जोर पेलण्याची व्यवस्था हवी. त्यातील काही वाटा घर्षण उचलते. मात्र लोखंडावर लोखंड सहज घसरते, म्हणून मध्ये लाकडी फळ्या वा रबरी चटई घालतात. वेटोळे घरंगळू नये यासाठी दोन्ही अंगांना पाचरी ठोकाव्या लागतात.

बांधणी एकदा करून भागत नाही. पहिल्या काही किलोमीटरांतच धक्क्यांनी माल बसतो आणि साखळ्या सैल पडतात. जाणता चालक थोड्या अंतरावर थांबून त्या पुन्हा आवळतो. हा वेळ त्याच्या कामाचाच भाग आहे, हे माल पाठविणाऱ्याने ध्यानी घेतले पाहिजे.

घाट आणि झोप

बोरघाट किंवा कसारा घाट उतरताना भरलेली गाडी खालच्या गियरमध्ये ठेवून इंजिनाच्या अवरोधाने वेग आवरावा लागतो. डिझेल वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर सारा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि ऐन वळणावर निकामी होतात. सरळ रस्त्याचा धोका निराळा आहे. जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या मार्गावर एकसुरीपणामुळे अवधान सुटते. पहाटे २ ते ५ या वेळेत तर शरीर स्वभावतःच झोपेकडे झुकते.

कायदा आणि व्यवहार

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची कार्यमर्यादा ठरविण्यात आली आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक मानली गेली. पुढे हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. व्यवहारात मात्र अनेक चालकांचे वेतन खेपेवर ठरते. कारखान्याच्या दारात माल चढण्याची वाट पाहण्यात दिवस जातो; त्या तासांची मोजणी कोणी करीत नाही आणि वाया गेलेला वेळ चालक रात्रीच्या झोपेतून भरून काढतो. माल चढविणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून मंडळांचे संरक्षण दिले. तोच माल वाहून नेणाऱ्या चालकाच्या प्रतीक्षेचा हिशेब अद्याप व्हावयाचा आहे.

मालाच्या वजनाचाही प्रश्न असाच आहे. २०१८ मध्ये तीन आसांच्या मालमोटारीची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टन करण्यात आली. मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर राहू देण्याची जुनी मुभा २०१४ मध्ये रद्द झाली होती. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक वाढीव टनामागे २,००० रुपये दंड आहे. हा दंड केवळ चालविणाऱ्यास नव्हे, तर तसे वाहन चालवावयास लावणाऱ्यासही लागू आहे. तपासणी रस्त्यावरील चालकापाशी थांबली, तर कायद्याचा अर्धा हेतू निष्फळ होतो.

श्रमाचे फळ

असे असूनही हा व्यवसाय तरुणांना आकर्षित करतो. मोठ्या पदवीवाचून, केवळ हातच्या कौशल्यावर संसार उभा राहतो. अवजड व लांबलचक मालाचा अनुभव गाठीशी आला की मोबदला व मान दोन्ही वाढतात, आणि काटकसरीने एखादा चालक स्वतःच्या वाहनाचा मालकही होतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीचे झाले आहे. उन्हाळ्यातील दीर्घ प्रवासात हा मोठाच दिलासा होय.

आपण काय करू शकतो

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी वाहने उभी करण्यास सुरक्षित जागा, पिण्याचे पाणी, दिवे व स्वच्छतागृह यांची सोय केल्यास चालक रस्त्याच्या कडेला धोक्यात झोपणार नाहीत. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने कायदेशीर संरक्षण दिले आहे. ही माहिती ग्रामसभेत आवर्जून सांगावी. शिक्षकांनी जडत्व व घर्षण शिकविताना मालमोटारीचे उदाहरण घ्यावे. परिवहन वाहनासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात व त्याआधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना लागतो, हेही विद्यार्थ्यांना समजावून द्यावे. अधिकाऱ्यांनी कारखान्यांच्या दारातील प्रतीक्षा, वजन व बांधणी यांची पाहणी माल निघण्यापूर्वीच करावी.

चालकाला मिळालेली विश्रांती ही त्याच्यावरील मेहेरबानी नव्हे. त्याच्यापुढून जाणारी शाळेची बस आणि मागून येणारी एस. टी. या दोहोंची सुरक्षितता त्या विश्रांतीवर अवलंबून आहे, याची जाणीव सर्व संबंधितांनी ठेवणे आवश्यक आहे.