पुढच्या रांगेतल्या खुर्चीचा भाव

ताम्हिणीहून लोहगावचा विमानतळ सत्तरएक किलोमीटर. पहाटे चारला निघालं तर दोन तासांत दारात. सकाळी सातला निघालं तर पिरंगुट, भूगाव आणि चांदणी चौक आपापला वाटा घेतात आणि तीन तासही पुरत नाहीत. पुण्याहून सुटलेलं विमान सव्वादोन तासांत दिल्लीला टेकतं. म्हणजे आपल्यासाठी जमिनीवरची वाटच हवेतल्या वाटेइतकी, कधी तिच्याहून लांब. हे आधी सांगायचं कारण, मुळशी खोऱ्यात ज्यांची जमीन विकली गेली किंवा ज्यांचं फार्महाऊस चाललं, अशा ओळखीच्या घरांतून अलीकडे एकच विचारणा होते: आईला किंवा वडिलांना न्यायचंय, बिझनेस क्लास काढावा का?

मी एकदा काढला आहे. आत्याचे गुडघे गेलेले, तिचा नातू दिल्लीत. आयुष्यात एकदाच विमानात बसणार तर चांगलं बसावं, असा घरचा सूर. विमानात शिरून पहिल्या रांगेत बसल्यावर आत्यानं खुर्ची हातानं दाबून पाहिली, मागं वळून पडद्यापलीकडच्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आरं, ही तर खुर्चीच हाय. एवढ्या पैशात पलंग नाय व्हय देत?"

आत्याचा प्रश्न रास्त होता. जाहिरातीत आडवी होणारी गादी दिसते ती बहुतेक लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या विमानातली. देशांतर्गत मार्गावर सहसा एकाच वाटेचं छोटं विमान असतं. तिथं बिझनेस म्हणजे तीनऐवजी दोनाची जोडी, रुंद खुर्ची, पाय पसरायला जागा आणि थोडी मागं कलणारी पाठ. एअर इंडियाच्या नव्या रचनेच्या ए-३२० विमानात १६४ जागांपैकी अशा जागा फक्त आठ. इंडिगोनं १४ नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' सुरू केलं, त्यात बारा. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, त्यामुळे पुण्याहून निवडीला फारसा वाव उरलेला नाही. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघा आणि आसनांचा नकाशा उघडून पुढच्या जागा खरंच वेगळ्या आहेत का ते पाहा.

आता पैसे. भाडं रोज बदलतं, त्यामुळे आकडा पाठ करण्यात अर्थ नाही, हिशेबाची रीत लक्षात ठेवा. समजा साध्या वर्गाचं मूळ भाडं ६,००० रुपये आणि बिझनेसचं २०,०००. साध्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३०० रुपये. बिझनेसवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के लागतो, त्याआधी १२ होता. म्हणजे ३,६०० रुपये नुसता कर. एकीकडे ६,३००, दुसरीकडे २३,६००. फरक १७,३०० रुपयांचा. सव्वादोन तासांतली विमानातली खरी मिनिटं १३० धरली तर त्या खुर्चीचं भाडं मिनिटाला १३३ रुपये पडतं. विमानतळाचं वापरशुल्क, २०० रुपयांचं सुरक्षाशुल्क वगैरे दोन्ही तिकिटांना असतंच, ते या हिशेबात धरलेलं नाही. धंद्याच्या कामानं जात असाल आणि जीएसटी क्रमांक असेल तर तो तिकीट काढतानाच टाका. मागाहून बिल बदलून घेताना नाकी नऊ येतात.

'स्ट्रेच' बाजारात आलं तेव्हा सुरुवातीचं भाडं १८,०१८ रुपये जाहीर झालं होतं, त्यावरून या खुर्चीचा साधारण अंदाज यावा. माझा ठोकताळा असा: फरक आठ हजारांच्या आत असेल तर म्हाताऱ्या माणसासाठी खुशाल काढा. त्यावर गेला तर पुढचं वाचा.

कारण गुडघ्यांसाठी म्हणून जे पैसे आपण मोजतो, त्यातली निम्मी सोय साध्या तिकिटातही मिळते. चालता न येणाऱ्या माणसाला व्हीलचेअर विमानकंपनी देते, बिझनेस-साधं असा भेद त्यात नाही. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, तशी नोंद करायची. ऐनवेळी काउंटरवर मागितली तर थांबावं लागतं. व्हीलचेअर ढकलणारा माणूस रुग्णाला रांगेतून बाजूला काढून तपासणीतून पुढं नेतो, सोबतच्या एकालाही बरोबर घेतो. उरला प्रश्न पायांच्या जागेचा. साध्या वर्गाची पहिली रांग काहीशे ते दीडदोन हजार जादा देऊन मिळते. मात्र आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस रांग म्हाताऱ्या माणसाला देत नाहीत. ते दार उघडायची वेळ आली तर उघडणारा धडधाकट हवा.

बिझनेस खरा वसूल होतो तो सामानात. साध्या तिकिटावर देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलो, 'स्ट्रेच'वर ३०. हातातली बॅग साध्या वर्गात सात किलोची, पुढच्या वर्गात त्याहून जड चालते. मुळशीचा माणूस दिल्लीला रिकाम्या हातानं जात नाही. आमच्याकडचा आंबेमोहोर २०१६ पासून भौगोलिक मानांकनाचा धनी आहे, त्यामुळे त्याची पिशवी तर हवीच. पण साध्या तिकिटावर दहा किलो वजन वाढलं तर काउंटरवर किलोला पाचशेच्या पुढंच मोजावे लागतात. तांदळापेक्षा त्याचं विमानभाडं चौपट-पाचपट. तांदूळ कुरियरनं पाठवा.

सामानावरून आणखी एक, कारण आमची फजिती इथंच झाली. आत्यानं मोठ्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या घातल्या होत्या. नातवाच्या बायकोला वाटणाला. वजन झालं, पट्टा सरकला, आणि दहा मिनिटांनी नाव पुकारलं. बॅग उघडून वाट्या बाहेर. सुकं खोबरं तेलकट असतं आणि पेट घेतं म्हणून २०२२ पासून ते पोटातल्या सामानात चालत नाही. पुढं बसणाऱ्याला त्यात सूट नाही. पॉवरबँकचंही तसंच, ती फक्त हातातल्या बॅगेत. काडेपेटी, लायटर घरीच ठेवा. लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.

आता निघण्याची गोष्ट. ताम्हिणीच्या वळणांवर मोबाईलची रेंज जाते, गावातही तिचा भरवसा नाही. म्हणून वेब चेक-इन आदल्या संध्याकाळी करा आणि बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तोंड दाखवून आत जायची 'डिजियात्रा' डिसेंबर २०२२ मध्ये देशात सुरू झाली, पुण्यातही आहे. पण तिची नोंदणी आधारवरून होते आणि त्याला ओटीपी लागतो. ती कामं पौडला किंवा पुण्यात गेलात की उरका, पहाटे दारात उभं राहून नव्हे. पास त्यात चढवायलाही नेट लागतं. म्हाताऱ्या माणसाचं आधार आणि तिकिटावरचं नाव अक्षरश: जुळतंय का ते आधीच पाहा. आमच्याकडे तिकिटावर एकच नाव आणि आधारवर नवऱ्याचं नाव, आडनाव असा प्रकार नेहमी सापडतो.

गाडीचा खर्च लोक हिशेबात धरतच नाहीत. ॲपवरच्या टॅक्सी ताम्हिणीपर्यंत येत नाहीत, गाडी पौड-पिरंगुटहून सांगावी लागते आणि गाडीवाला रिकामी फेरीही धरतो. सत्तर जायचे, सत्तर यायचे, किलोमीटरला पंधरा रुपये धरले तर २,१०० झाले, पहाटेचा वेगळा. एकटा धडधाकट माणूस असेल तर एसटीनं वनाजपर्यंत या, तिथून मेट्रो. वनाज ते रामवाडी हा पट्टा ६ मार्च २०२४ पासून पूर्ण सुरू आहे, तीस-पस्तीस रुपयांत रामवाडीला उतरता, पुढं विमानतळ रिक्षाच्या टप्प्यात. मेट्रो सकाळी सहाच्या आधी मिळत नाही, त्यामुळे पहाटेच्या विमानाला ही वाट नाही.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. असा पाऊस आला की दरड, चिखल, बंद रस्ता यांपैकी काहीतरी ठरलेलंच. जुलै ते सप्टेंबर रविवारी संध्याकाळचं विमान काढूच नका. धबधबे पाहून परतणाऱ्यांच्या गाड्या पौडपर्यंत एकमेकींना चिकटून असतात. मी पावसाळ्यात आदल्या दिवशीच कोथरूडला नातेवाइकाकडे मुक्काम टाकतो.

लोहगावला धावपट्टी हवाईदलाची आहे, टर्मिनल नागरी. त्यामुळे विमानाच्या खिडकीतून किंवा शिडीवरून फोटो काढण्याची हौस आवरा. नवीन टर्मिनल १४ जुलै २०२४ पासून चालू आहे. कुठून सुटायचं ते तिकिटावर वाचा. काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. बिझनेसवाल्याला वेगळी रांग असते, त्यानं अर्धा तास वाचतो हे मान्य. पण भूगावात अर्धा तास गेला तर ती रांग काही कामाची नाही. विमान शिडीपुलाला न लागता लांब उभं असलं तर बसमधून जावं लागतं, त्याच बसमध्ये सगळे. आरामकक्ष तुमच्या तिकिटात आहे का आणि पुण्यात तो कुठे आहे, हे आधी विचारून घ्या. 'बिझनेस' शब्दात तो सगळीकडे गृहीत नसतो. परत येताना गाडीवाल्याला एरोमॉलच्या पार्किंगमध्ये थांबायला सांगा. टर्मिनलच्या दारात गाडी उभी राहू देत नाहीत.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू आहे, तेव्हा कोणी सुचवेल की तिथून जावं. घाटानं माणगावला उतरून पनवेल गाठायचं, की चांदणी चौकातून द्रुतगती मार्गानं, हा पर्याय आहे. द्रुतगतीला मोटारीचा टोल ३२० रुपये एका बाजूचा, गाडीचं भाडं लोहगावच्या दुप्पट. पुण्याहून थेट विमान नसेल तरच हा विचार करा.

शेवटची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पुढच्या वर्गाचं तिकीट असून कंपनीनं ऐनवेळी मागं बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आपल्या उदाहरणात ते १७,७०० रुपये होतात, म्हणजे दोन तिकिटांतल्या फरकाहूनही चारशे जास्त. विमान दोन तासांहून अधिक रखडलं तर अडीच तासांपर्यंतच्या मार्गावर खाणंपिणं द्यायला हवं. दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात हा प्रसंग नक्की येतो. रखडणं सहा तासांच्या पुढं जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. तिकीट तुम्हीच रद्द केलंत तर मूळ भाडं आणि इंधनभार यांहून अधिक कापता येत नाही, वसूल केलेले कर परत मिळतात. ते मागा, आपणहून देत नाहीत. कंपनी ऐकत नसेल तर 'एअरसेवा' ॲपवर तक्रार करा किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. बोर्डिंग पास आणि तिकिटाचं बिल तोवर फेकू नका.