अ‍ॅनिमेची गाणी विकत घेताना

पैसे भरले, पावती आली, गाणं फोनवर वाजलं, की खरेदी झाली असं आपण धरून चालतो. जपानी अ‍ॅनिमे चित्रपटांच्या संगीतावर ज्यांचा जीव आहे आणि जे ते संगीत चोरून न उतरवता रीतसर विकत घेतात, त्यांना मला एवढंच सांगायचंय: फाईल तुमच्या स्वतःच्या डिस्कवर उतरून, उघडून, शेवटपर्यंत वाजत नाही तोवर खरेदी झालेली नसते.

माझ्या बाबतीत झालं ते असं. एका चित्रपटाचा अल्बम मी एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून घेतला होता. त्यातलं शीर्षकगीत मी रोज ऑफिसला जाताना ऐकायचे. मग फोन बदलला. नव्या फोनवर त्याच खात्याने लॉग-इन केलं, अल्बम दिसला, बाकीची गाणीही आली; शीर्षकगीताचं नाव मात्र करडं झालेलं. बोट दाबलं तरी हूं की चूं नाही. ग्राहकसेवेला लिहिलं, तर उत्तर आलं की हक्कधारकाने ते गाणं भारतासाठी मागे घेतलं आहे आणि तेवढी रक्कम तुमच्या खात्यात जमा केली आहे. रक्कम खरोखरच जमा झाली होती. पण मला पैसे नको होते, गाणं हवं होतं, आणि ते त्या दुकानात पुन्हा विकत घ्यायचीही सोय उरली नव्हती.

नेमकं शीर्षकगीतच का गेलं, हे नंतर नीट वाचल्यावर लक्षात आलं. जपानमध्ये असे चित्रपट बहुधा एकट्या स्टुडिओचे नसतात. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, वितरक, संगीत कंपनी अशा अनेकांची मिळून निर्मिती समिती बनते आणि हक्क त्यांच्यात वाटलेले असतात. पार्श्वसंगीत एका कंपनीकडे, तर शीर्षकगीत ते गाणाऱ्या गायकाच्या दुसऱ्याच कंपनीकडे, असं सर्रास असतं. एका कंपनीने परदेशातल्या विक्रीचा करार वाढवला आणि दुसरीने नाही वाढवला, की अल्बममधून तेवढंच एक गाणं निखळून पडतं. म्हणून अशा अल्बमचं डाउनलोड ‘बघू रविवारी’ म्हणून मागे टाकू नका. पैसे भरल्या भरल्या फाईल उतरवून घ्या.

दुकानं कायमची नसतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत ‘फ्लाइट’ नावाचं एमपीथ्रीचं दुकान सुरू केलं आणि २०१३ च्या जूनमध्ये बंद केलं. त्या फाईलींना कुलूप, म्हणजे परवान्याशिवाय फाईल उघडू न देणारी सोय (डीआरएम), नव्हतं, म्हणून ज्यांनी त्या वेळीच उतरवल्या त्यांच्याकडे त्या अजूनही वाजत असतील. त्याआधी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या बंद पडलेल्या एमएसएन म्युझिक दुकानाचे परवाना देणारे सर्व्हर थांबवणार असल्याचं जाहीर केलं होतं. तिथली गाणी कुलूपबंद होती. सर्व्हर गेला की नव्या संगणकावर ती उघडणार नाहीत हे कळल्यावर ग्राहक खवळले आणि कंपनीला मुदत वाढवावी लागली. अ‍ॅपलने २००९ मध्ये गाण्यांवरचं कुलूप काढलं आणि आज विकत घेतलेलं गाणं बहुतेक ठिकाणी मोकळं मिळतं. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे, की ग्राहकाला मिळतो तो फक्त वापरायचा परवाना असेल तर दुकानाने तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र स्वच्छ समजून घ्या. दरमहा पैसे भरायच्या स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये गाण्यापुढे जो डाउनलोडचा बाण असतो, त्याने फाईल तुमची होत नाही. ती त्या अ‍ॅपच्या पोटात, कुलपात राहते आणि वर्गणी थांबली की जाते. नवं काही ऐकून बघायला मीही स्ट्रीमिंग वापरते. जे संगीत वर्षानुवर्षं लागणार आहे, ते मात्र विकत घेते.

आता काय घ्यायचं याबद्दल. माझ्या आवडीचा भाग हाच आणि लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात तेही इथेच. स्टुडिओ घिबलीचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटांना संगीतकार जो हिसाइशी यांचं संगीत असतं. १९८४ च्या ‘नाउसिका’पासून २०२३ च्या ‘द बॉय अँड द हेरॉन’पर्यंत या दोघांची जोडी टिकली. यांची काम करण्याची रीत निराळी. चित्रपट पुरा होण्याआधीच, गोष्ट आणि चित्रं यांवरून हिसाइशी पुष्कळदा एक ‘इमेज अल्बम’ करतात. ‘नाउसिका’चा इमेज अल्बम १९८३ चा आहे, आणि तो आवडला म्हणूनच चित्रपटाचं काम त्यांच्याकडे आलं. ‘टोटोरो’चा इमेज अल्बम १९८७ मध्ये आला, चित्रपट १९८८ मध्ये. त्यानंतर येतो तो प्रत्यक्ष चित्रपटातल्या संगीताचा अल्बम, आणि पुष्कळदा त्याच्याही मागून पूर्ण वाद्यवृंदासाठी बांधलेली सिंफनी. नाव एक, मुखपृष्ठही मिळतंजुळतं, आत संगीत मात्र वेगळं. ‘कॅसल इन द स्काय’चं तर आणखी पुढचं आहे. अमेरिकेतल्या आवृत्तीसाठी हिसाइशींनी १९८६ चं आपलंच संगीत नव्याने लिहिलं, कितीतरी वाढवलं, आणि त्याचाही वेगळा अल्बम आहे. मूळ चित्रपटात जिथे नुसता वारा आणि यंत्रांची घरघर आहे, तिथे या आवृत्तीत वाद्यवृंद वाजतो. मला मूळची शांतता जास्त भावते. तुम्हाला दुसरं आवडू शकेल, पण आपण कुठलं घेतोय हे माहीत असायला हवं. मुखपृष्ठावरून ठरवू नका. गाण्यांची यादी, वर्ष आणि प्रत्येक गाण्याची लांबी बघा.

दुसरा फसवा प्रकार इतरांनी वाजवलेल्या आवृत्त्यांचा. घिबलीच्या चित्रपटांचे अस्सल अल्बम जगभरच्या स्ट्रीमिंग सेवांवर आले ते २०२० च्या फेब्रुवारीत. तोवर ती जागा पियानो, म्युझिक बॉक्स, गिटार आणि ‘झोपेसाठी संगीत’ अशा आवृत्त्यांनी भरली होती, आणि त्या अजूनही तिथेच आहेत. ‘स्पिरिटेड अवे’ शोधलंत की त्या धडाधड समोर येतात. त्यातल्या काही मनापासून वाजवलेल्या आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण चित्रपटगृहात ऐकलेलं संगीत हवं असेल तर कलाकाराच्या नावात जो हिसाइशी आणि हक्कांच्या ओळीत स्टुडिओ घिबली किंवा तोकुमा जपान हे शब्द आहेत का, ते पाहा. ‘स्पिरिटेड अवे’चं शेवटचं गाणं हिसाइशींचं नाही, युमी किमुरांचं आहे. हिसाइशींच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती ते सुटं लागत नाही.

दिग्दर्शक माकोतो शिनकाईंच्या चित्रपटांचं वेगळंच आहे. ‘युअर नेम’ २०१६ चा. संगीत रॅडविंप्स या बँडचं. अल्बममध्ये काही गाण्यांपुढे ‘मूव्ही व्हर्जन’ असं लिहिलेलं असतं, आणि त्यांतल्या काहींची मूळ रूपं त्याच वर्षी आलेल्या बँडच्या स्वतःच्या अल्बममध्ये आहेत. ‘झेनझेनझेन्से’ दोन्हींकडे आहे, पण सारखं नाही. शिवाय २०१७ मध्ये चार गाणी इंग्रजीत गाऊन निघालेली आवृत्ती आहे. भारतातल्या दुकानात शोधताना तीही पुढे येऊ शकते. ज्यांना जपानी शब्दांसकट गाणं पाठ आहे, त्यांचा हमखास हिरमोड. म्हणून घेण्याआधी नमुना ऐकाच. दुकानं तो फुकट ऐकवतात आणि पहिल्या ओळीतच भाषा कळते.

शिनकाईंबद्दल आपल्याकडे इतकी ओढ आहे, की ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला, हजारोंनी सह्या केल्या, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तो इथल्या पडद्यावर आला. २०२३ मध्ये ‘सुझुमे’ आला, तेव्हा शिनकाई स्वतः भारतात आले होते. एवढ्या प्रेमाने तिकीट काढणारी मंडळी गाणी मात्र व्हिडिओवरून एमपीथ्री काढून देणाऱ्या कुठल्यातरी साइटवरून उतरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. कलाकाराला काही मिळत नाही हे तर झालंच. वर आवाजाचीही वाट लागते.

आवाजाचं सांगते. २०१६ च्या ‘अ सायलेंट व्हॉइस’ची नायिका शोको हिला ऐकू येत नाही. या चित्रपटासाठी संगीतकार केन्सुके उशिओंनी उभ्या पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवून सूर टिपले. त्यामुळे सुराबरोबर हातोडीवरचं नमद्याचं कापड तारेला टेकल्याचा मऊ आवाज, लाकडाची कुरकुर, पेडल सुटल्याची धप्प, सगळं येतं. हेडफोन लावून रात्री ऐका. पियानोच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. हेच १२८ केबीपीएसच्या, कुठून कुठून दाबत आणलेल्या फाईलमध्ये ऐकलं तर ती कुरकुर नुसता खरखराट होते. म्हणून शक्य तिथे फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळता दाबलेली फाईल, घ्या. सीडीच्या दर्जाची, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झची फ्लॅक पुरे होते. चार मिनिटांच्या गाण्याला साधारण पंचवीस-तीस एमबी लागतात. ती नसेल तर ३२० केबीपीएसची एमपीथ्री किंवा अ‍ॅपलची २५६ ची फाईलही चांगली वाजते. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटच्या महाग आवृत्तीसाठी खिसा रिकामा करण्याआधी आपले हेडफोन आणि आपले कान यांना विचारा. माझ्या हेडफोनवर मला फरक कळला नाही, आणि वाचलेल्या पैशांत दुसरा अल्बम आला.

पैसे भरताना अडतं ते बहुधा कार्डावर. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ हे बटण नव्या कार्डावर मुळात बंदच असतं. ते चालू करा, मर्यादा कमी ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. परकीय चलनावर बँक आपला वाटा लावते आणि परदेशी डिजिटल विक्रीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा समोर दिसणारी किंमत शेवटची समजू नका. बँडकँप या ऑनलाइन संगीत-दुकानात डॉलर किंवा येनमध्ये पैसे भरावे लागतात, पण हव्या त्या स्वरूपात फाईल मिळते आणि डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कंपनी ठेवते. मोठ्या चित्रपटांचे अल्बम तिथे सहसा नसतात. स्वतंत्र जपानी संगीतकारांसाठी मात्र ती उत्तम जागा आहे.

जपानी दुकानांवर सगळं मिळतं, हे खरं. सोनीचं ‘मोरा’ बघितलं की हरखून जायला होतं. पण ते जपानात राहणाऱ्यांसाठी आहे. खोटा पत्ता देऊन, देश बदलून दाखवून खातं उघडायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ते करू नका. नियम मोडून उघडलेलं खातं कधीही बंद होऊ शकतं, आणि मग दाद मागायला तोंड राहत नाही. जे इथे मिळतच नाही, त्याची सीडी मागवा. टपाल आणि सीमाशुल्क धरून महाग पडते, पण तिच्यावरून स्वतःसाठी फ्लॅक करून घेतली की कुठल्या कराराची भीती नाही. कोणी ओळखीचं टोकियो-ओसाकाला शिकायला किंवा नोकरीला असेल, आणि आता पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत तसं कोणीतरी असतं, तर येताना आणायला सांगा.

फाईल हाती आल्यावरही थोडं काम उरतं. जुन्या जपानी झिपमधली नावं आपल्या संगणकावर उघडली की चौकोन आणि चित्रविचित्र अक्षरं होतात. फाईल खराब झालेली नसते, अक्षरांची सांकेतिक पद्धत वेगळी असते; ती निवडू देणारा झिप-प्रोग्रॅम वापरा. हिसाइशींचं नाव कुठे जपानी लिपीत तर कुठे रोमनमध्ये असतं, त्यामुळे प्लेअर त्यांना दोन माणसं समजतो. एक रूप ठरवून सगळीकडे तेच लिहा. फोल्डरला चित्रपटाचं नाव, वर्ष आणि आवृत्ती द्या, आणि पावतीची पीडीएफ त्यातच टाका. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. डिस्क अधूनमधून लावून दोन-चार गाणी वाजवून बघा.

माझ्याकडे हे सगळं आहे म्हटल्यावर ओळखीची मुलं फाईली मागतात. फाईल मी देत नाही. घरी बोलावते, चांगल्या स्पीकरवर अख्खा अल्बम ऐकवते, आणि आवडला तर त्याचं नेमकं नाव, वर्ष, लेबल आणि कुठल्या दुकानात मिळतो ते लिहून देते.