कुंडीची माती : खत घालण्यापूर्वी सामू तपासा

कुंडीतील रोपे विकण्याचा धंदा थोड्या भांडवलात, घराच्या अंगणातही सुरू करता येतो. माती, वाळू आणि शेणखत घरीच मिसळले की खर्च वाचतो. मात्र विकताना हिरवेगार असलेले रोप दोन महिन्यांत पिवळे पडले, तर गिऱ्हाईक तुटते.

आम्ही स्वतः हा फटका खाल्ला आहे. बेकरीच्या भट्टीतील राख फुकट मिळत होती. ती खत समजून आम्ही काळ्या मातीत घमेल्यांनी मिसळली. अनंत आणि एक्झोऱ्याची रोपे पिवळी पडली. मग आणखी खत घातले. खताचे पैसे गेले आणि रोपेही गेली. दोष सामूचा होता.

सामू, म्हणजे पीएच, हे मातीतील आम्लता मोजण्याचे माप. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल. एका अंकाचा फरक दहापटीचा असतो. गुलाबाला ६ ते ७ सामू मानवतो. अनंत व एक्झोऱ्याला ५ ते ६. सामू ७.५ च्या पुढे गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते मिळेनासे होते. अशा वेळी कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. आधी जुनी पाने पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी आहे असे समजावे.

दख्खनची काळी माती बहुधा विम्ल असते. तिच्यात राख घालणे म्हणजे दुखणे वाढवणे. कोकणातील जांभ्याची तांबडी माती आम्ल असते. तिथे तीच राख थोड्या प्रमाणात उपयोगी पडते.

तपासणी सोपी आहे. एक भाग मिश्रण अडीच भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून अर्धा तास ठेवावे. वरच्या पाण्यात पीएच पेपर बुडवून रंग ताडून पाहावा. शिवाय कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकावे. फेस आला तर मातीत चुनखडी आहे. अशा मातीत गंधक फार काळ पुरत नाही. त्यापेक्षा तिचे प्रमाण कमी करून कोकोपीट व पालापाचोळ्याचे खत वाढवावे. कोकोपीट खारट असू शकते, म्हणून ते आधी दोनतीन पाण्यांनी धुवावे.

चुनखडी नसेल, तर सामू उतरवण्यासाठी लिटरभर मिश्रणास १ ग्रॅम गंधक भुकटीपासून सुरुवात करावी. गंधकाचे आम्ल मातीतील जिवाणू बनवतात, त्यामुळे सहा ते आठ आठवडे लागतात. सामू चढवायचा असल्यास लिटरला २ ग्रॅम डोलोमाइटची पूड घालून दोनतीन आठवडे मिश्रण ओलसर ठेवावे. दोन्ही बाबतीत आधी एका घमेल्यावर प्रयोग करावा, पुन्हा सामू मोजावा, मगच सगळा ढीग मिसळावा. व्हिनेगर ओतून सामू उतरवू नये. त्याचा परिणाम टिकत नाही.

बोअरचे जड पाणी रोज घातल्यास सामू हळूहळू चढतो. म्हणून दर दोन महिन्यांनी तपासणी करावी, आणि शक्य तेव्हा पावसाचे पाणी साठवून वापरावे. रोप विकताना गिऱ्हाइकालाही ही गोष्ट सांगावी. गिऱ्हाईक रोप पाहून एकदा येते. दुसऱ्यांदा येते ते रोप जगले तरच.