लेन्सच्या आधी खोली मोजा

पहिला कॅमेरा घेतलेली मुलं लेन्सबद्दल विचारायला येतात, तेव्हा मी बजेटचं नंतर विचारते. आधी विचारते, फोटो कुठे काढणार? घाटकोपर-मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये, की बोरिवलीच्या नॅशनल पार्कात? आपल्या उपनगरांत या एका उत्तरावर सगळं ठरतं.

माझ्या भाच्याने ‘पोर्ट्रेटला ८५ एमएमच हवी’ असं जिथे तिथे ऐकलं आणि साठवलेले पैसे त्यातच घातले. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला घाटकोपरच्या घरात तो कपाटाला पाठ टेकून उभा होता, तरी चौकटीत आजीचा चेहरा आणि खांदे एवढंच मावत होतं. औक्षणाचं ताट, ओवाळणाऱ्या सुनांचे हात, सगळं बाहेर. “मावशी, अजून मागे जायला जागाच नाही गं,” म्हणताना त्याचा आवाज रडवेला झाला. लेन्समध्ये काडीची खोट नव्हती. ती मैदानात, बागेत वापरायची लेन्स होती.

नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा लहान सेन्सर असतो, त्यामुळे प्रत्येक लेन्स दीडपटीने जवळचं दाखवते. माणूस डोक्यापासून कमरेखालपर्यंत, म्हणजे मीटरभर उंचीचा, उभ्या चौकटीत घ्यायचा तर ८५ एमएमला साडेतीन मीटरहून जास्त अंतर लागतं, ५० ला सव्वादोन आणि ३५ ला दीड. दहा फुटांची खोली जेमतेम तीन मीटर, त्यात सोफा आणि टीव्हीचं टेबल. म्हणून घरातल्या माणसांचे, सणावारांचे फोटो काढायचे असतील तर ३५ एमएम घ्या. एकेका चेहऱ्यात जीव रमत असेल तर ५०. माझ्यावर सोपवाल तर मी ३५ सांगेन. चेहरा अगदी जवळून घेतलात तर नाक मात्र मोठं दिसतं, तेवढं अंतर राखा.

पैसे टाकण्याआधी एक संध्याकाळ द्या. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सचा झूम ३५ वर ठेवा, घरात फोटो काढा, मग ५० वर. मध्ये झूमला हात लावू नका. कुठे अडता ते लगेच कळेल.

ही १८-५५ लेन्स ५५ वर ५.६ पर्यंतच उघडते; अॅपर्चरचा हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. १.८ ची लेन्स जवळजवळ दसपट उजेड आत घेते, म्हणून ट्यूबलाइटखालीही फोटो हलत नाही. पण ५० एमएमने मीटरभरावरून १.८ वर फोटो काढलात तर जेमतेम तीन सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते : डोळे लख्ख, कान धूसर. दोघं शेजारी बसले असतील तर अंतर वाढवा आणि ४ वर या.

फोर्टातल्या बोरा बाजारात जाल किंवा ओळखीच्याकडून जुनी घ्याल, आपल्या कॅमेऱ्याची बॉडी बरोबर न्या. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते. ‘५० एमएम १.८ डी’ ही जुनी स्वस्त लेन्स त्यांवर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच फिरवावा लागतो. अंधेरीच्या माझ्या एका विद्यार्थिनीला दुकानदाराने हे न सांगताच ती विकली. या बॉडींना फोकस आपोआप हवा तर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेली, म्हणजे मोटर आत असलेली लेन्स हवी. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते आणि त्यांची २०१५ ची ५० एमएम १.८ एसटीएम सेकंडहँड बाजारात सहज मिळते. मात्र आर मालिकेच्या मिररलेस बॉडीवर ती लावायला अॅडॅप्टर लागतो. त्याची किंमत धरूनच हिशेब करा.

जुन्या लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. विकणारा “कडेलाच आहे” म्हणाला तरी परत द्या, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ती पसरते. स्वच्छ लेन्ससुद्धा जून ते सप्टेंबर बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की बदला.